यादीत नाव नसलेले मृत कसे मोजतात? लष्करशहाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या आकडेवारीची गोष्ट

१२ एप्रिल २०१३. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला या छोट्या देशाच्या राजधानीत एक खटला सुरू होता. आरोपीच्या खुर्चीत ८६ वर्षांचे निवृत्त जनरल एफ्राईन रिओस मोंट बसले होते. एकेकाळी तेच या देशाचे सर्वेसर्वा होते. त्यांच्यावर आरोप होता वंशसंहाराचा.

आधीचे काही आठवडे ईशिल या माया आदिवासी समाजातले लोक एकामागून एक साक्ष देऊन गेले होते. कोणाचं गाव जाळलं होतं, कोणाची मुलं मारली होती. त्या दिवशी मात्र साक्षीला आलेल्या माणसाने यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याचं नाव पॅट्रिक बॉल. तो होता संख्याशास्त्रज्ञ. त्याच्याकडे दोनच मुख्य आकडे होते. ५.५ टक्के आणि ०.७ टक्के.

या दोन आकड्यांचा अर्थ काय होता? ते आले कुठून? आणि तीस वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या, कित्येकदा कुठेच नोंद नसलेल्या माणसांची मोजदाद करता तरी येते का?

नेमकं झालं काय होतं?

ग्वाटेमालात १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं यादवी युद्ध चाललं. एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला डाव्या विचारांचे गनिमी गट. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून सुमारे २ लाख लोक, असा अंदाज त्यात होता. ओळख पटलेल्या पीडितांपैकी ८३ टक्के माया आदिवासी होते.

यातला सर्वांत भीषण काळ होता १९८२-८३ चा. मार्च १९८२ मध्ये रिओस मोंट यांनी लष्करी बंड करून सत्ता घेतली आणि ऑगस्ट १९८३ पर्यंत ती त्यांच्या हातात राहिली. नेबाह, चाहुल आणि कोत्साल या तीन नगरपालिकांचा डोंगराळ भाग म्हणजे ईशिल लोकांचा प्रदेश. तिथे लष्कराने गावंच्या गावं बेचिराख केली. खटल्यात १,७७१ ईशिल लोकांच्या हत्येचा ठपका होता.

हत्या झाल्या हे नाकारणं अवघड होतं. बचावाचा सूर वेगळाच होता. ते युद्ध होतं, लष्कर गनिमांशी लढत होतं, त्यात माणसं मेली, पण कोणाला आदिवासी म्हणून मारलं नाही, असा.

इथे कायद्याचा एक मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहार म्हणजे नुसती मोठी कत्तल नव्हे. एखादा वांशिक, राष्ट्रीय किंवा धार्मिक समूह पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करायच्या हेतूने केलेली कृत्यं म्हणजे वंशसंहार. मग हा हेतू दाखवायचा कसा? साक्षीदार आपल्या गावात काय झालं ते सांगू शकतो. पण 'आमच्या शेजारच्या बिगर-आदिवासींच्या तुलनेत आम्हाला किती जास्त मारलं' हे एकट्या माणसाला सांगता येत नाही. तिथे आकडेवारीच लागते.

मग याद्या मोजायच्या ना, त्यात काय अवघड?

पहिल्यांदा असंच वाटतं. मृतांच्या याद्या गोळा करा, बेरीज करा, झालं.

अडचण अशी की, यादी म्हणजे काय घडलं त्याची नोंद नसते. कोणी कोणाला काय सांगितलं, त्याची ती नोंद असते. सगळे मारले गेले असतील तर सांगायला मागे कोणी उरत नाही. सांगणारा उरलाच तर तो घाबरलेला असतो. शहरातल्या कार्यकर्त्याचा खून पेपरात येतो, पण डोंगरातल्या वस्तीपर्यंत बातमीदार पोहोचतच नाही.

ग्वाटेमालात याचा धक्कादायक नमुना दिसला. मानवाधिकार गटांनी गोळा केलेल्या साक्षी आणि त्या काळातली वर्तमानपत्रं शेजारी ठेवल्यावर कळलं की, ग्रामीण भागातल्या हत्या शिगेला पोहोचल्या होत्या तेव्हा पेपरांमधल्या बातम्या जवळपास आटल्या होत्या. नुसत्या पेपरांवरून आलेख काढला असता तर १९८२ हे शांततेचं वर्ष वाटलं असतं. प्रत्यक्षात ती शांतता भीतीची होती.

म्हणजे यादीत नसलेली माणसं योगायोगाने सुटलेली नसतात. गरीब, दूरवरची, वेगळी भाषा बोलणारी माणसंच यादीतून जास्त गळतात. त्यामुळे यादी कितीही मोठी असली तरी तिच्यावरून थेट निष्कर्ष काढले तर ते चुकतात.

ताडोबाच्या वाघांवरून समजून घेऊ

यादीत नसलेले मोजायची एक युक्ती आहे. ती समजायला आपल्या ताडोबात जाऊ.

जंगलात वाघ किती, हे मोजायला आता झाडांवर कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे फोटोवरून वाघ ओळखता येतो. पण सगळेच वाघ कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. मग न दिसलेले कसे धरायचे?

समजा (हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत), पहिल्या फेरीत ६० वेगवेगळे वाघ दिसले. दुसऱ्या फेरीत ५० दिसले. त्या ५० पैकी ३० पहिल्या फेरीतही दिसलेले होते. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या ६० टक्के वाघांना पहिल्या फेरीने आधीच पकडलं होतं. याचा अर्थ पहिल्या फेरीची पकड साधारण ६० टक्के होती. ६० वाघ म्हणजे ६० टक्के, तर एकूण वाघ साधारण १००.

आता समजा, दोन्ही फेऱ्यांत सामाईक वाघ ३० ऐवजी फक्त १० निघाले. म्हणजे पहिल्या फेरीची पकड केवळ २० टक्के. मग एकूण वाघ होतात ३००.

सगळी गंमत या सामाईक आकड्यात आहे. दोन याद्यांत तीच तीच नावं येत असतील तर बाहेर फारसं कोणी उरलेलं नाही. दोन्ही याद्या एकमेकींपासून जवळपास वेगळ्याच असतील तर न दिसलेला आकडा प्रचंड आहे.

माणसांच्या बाबतीत ही पद्धत वापरण्यात भारताचाही मोठा वाटा आहे. कोलकात्यातल्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थमधले सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ साली एक शोधनिबंध लिहिला. बंगालमधल्या सिंगूर भागातली जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आणि घरोघरी फिरून केलेली नोंद या दोन याद्या ताडून, दोन्हींतून सुटलेले जन्म-मृत्यू किती याचा अंदाज त्यांनी काढला होता. आज कत्तलींचा तपास करणारे लोक हाच धागा पुढे नेतात.

माणसं म्हणजे वाघ नव्हेत

प्रत्यक्षात हे काम बरंच किचकट आहे. दोन अडचणी तर हमखास येतात.

पहिली, एकच माणूस ओळखायचा कसा? माणसाला पट्टे नसतात. एका यादीत 'तुकाराम पाटील', दुसरीत 'टी. के. पाटील', तिसरीत 'तुका, वय अंदाजे ४०'. हे तिघे एकच की तीन वेगळे? चुकून तीन धरले तर सामाईक आकडा घटतो आणि एकूण अंदाज फुगतो. म्हणून नाव, गाव, तारीख, वय, मृत्यू कसा झाला हे सगळं जुळवावं लागतं. लाखो जोड्या तपासायच्या असतात. इथे संगणक कामाला येतो. आधी जाणकार माणसं काही हजार जोड्या बघून 'एकच' किंवा 'वेगळे' असं ठरवतात. त्यावरून प्रोग्राम शिकतो आणि उरलेल्या जोड्या लावतो.

दुसरी अडचण, याद्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. चर्चवर विश्वास असलेलं कुटुंब चर्चकडेही जातं आणि मानवाधिकार संस्थेकडेही. लष्कराच्या धाकाखालचं कुटुंब कुठेच जात नाही. दोनच याद्या असतील तर हा गुंता सुटत नाही. म्हणून तीन, चार किंवा जास्त याद्या घेतात आणि कोणत्या दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे गणितातच धरतात. या पद्धतीला बहुयादी अंदाज म्हणता येईल.

ईशिल प्रदेशासाठी अशाच वेगवेगळ्या याद्या वापरल्या. सत्यशोधन आयोगाची, कॅथलिक चर्चच्या प्रकल्पाची, मानवाधिकार संस्थेची आणि पीडितांना भरपाई देणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची. मृतांचा अंदाज निघाल्यावर तो १९८१ च्या जनगणनेतल्या लोकसंख्येशी ताडला.

ही शेवटची पायरी फार महत्त्वाची आहे. त्या भागात आदिवासीच बहुसंख्य होते, त्यामुळे मेलेल्यांतही तेच जास्त असणार, असं कोणीही म्हणू शकलं असतं. म्हणून नुसती संख्या पुरत नाही. शंभरामागे किती मेले, ते पाहावं लागतं.

उत्तर आलं ते असं. एप्रिल १९८२ ते जुलै १९८३ या १६ महिन्यांत त्या तीन नगरपालिकांमध्ये लष्कराने आदिवासींपैकी ५.५ टक्के लोकांना मारलं. त्याच भागातल्या बिगर-आदिवासींमध्ये हे प्रमाण ०.७ टक्के होतं. एकाच भागात, एकाच काळात राहणाऱ्या दोन माणसांपैकी आदिवासी असलेल्याचा लष्कराकडून मारलं जाण्याचा धोका जवळपास आठपट होता.

लष्कर फक्त युद्धात सापडेल त्याच्यावर गोळ्या झाडत असतं तर एवढा फरक पडायचं कारण नव्हतं. बॉल यांनी कोर्टात 'हा वंशसंहारच आहे' असा निकाल दिला नाही, ते न्यायाधीशांचं काम. हे आकडे वंशसंहाराच्या आरोपाशी सुसंगत आहेत, एवढंच ही साक्ष सांगत होती.

पेरूमध्ये आकडा जवळपास तिप्पट झाला

हीच पद्धत त्याआधी दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमध्ये वापरली गेली होती. तिथे १९८० ते २००० या काळात 'शायनिंग पाथ' ही माओवादी संघटना आणि सरकारी दलं यांच्या संघर्षात हजारो लोक मेले. देशात सर्वसाधारण समज होता की, मृतांचा आकडा २५ हजारांच्या आसपास असेल.

सत्य आणि सलोखा आयोगाने सुमारे १७ हजार साक्षी घेतल्या. इतर संस्थांच्या नोंदी धरून मृत किंवा बेपत्ता म्हणून नावानिशी २३,९६९ लोक मिळाले. पण याद्या एकमेकींशी ताडल्यावर सामाईक नावं फार थोडी निघाली. वाघांचं उदाहरण आठवा. सामाईक कमी, म्हणजे न दिसलेले जास्त. २००३ च्या अहवालात अंदाज आला ६९,२८० मृतांचा, आणि खरा आकडा ६१,००७ ते ७७,५५२ यांच्या दरम्यान असावा असं सांगितलं गेलं.

आयोगाला आढळलं की, पीडितांपैकी ७५ टक्के लोकांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी आदिवासी भाषा होती. जवळपास ४५ हजार माणसं देशाच्या हिशेबातूनच गळली होती आणि राजधानी लिमाला त्याचा पत्ता नव्हता.

या अंदाजाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. आयोगाच्या मते सर्वाधिक हत्या सरकारी दलांनी नव्हे तर 'शायनिंग पाथ'ने केल्या होत्या. अनेक मानवाधिकार कार्यकर्त्यांना हे अनपेक्षित होतं. कारण त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारी प्रामुख्याने सरकारविरुद्धच्या असत. आकडेवारी कोणाच्या बाजूने उत्तर देईल हे आधी ठरवता येत नाही, ते असं.

८ कोटी कागद आणि भाताचं शीत

आकडेवारीचा उपयोग फक्त मृत मोजण्यापुरता नाही. पुन्हा ग्वाटेमालाकडे वळू.

जुलै २००५ मध्ये राजधानीतल्या पोलिसांच्या एका आवारात मानवाधिकार कार्यालयाचे लोक स्फोटकांचा साठा तपासायला गेले. तिथल्या इमारतींमध्ये त्यांना कागदांचे डोंगर सापडले. ओलसर, कुजत चाललेले, गठ्ठ्यांनी रचलेले. जे अस्तित्वातच नाही असं अधिकारी सांगत आले होते, ते राष्ट्रीय पोलिसांचं दफ्तर होतं. अंदाजे ८ कोटी पानांचं.

एवढी पानं वाचायला कित्येक दशकं लागली असती. मग संख्याशास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या कुठल्याही घरात वापरतात तो उपाय केला. शितावरून भाताची परीक्षा! फक्त एक पथ्य पाळायचं. वरवरची शितं घेऊन चालत नाही, तळाचा भात कच्चा असू शकतो. म्हणून कोणत्या खोलीतला, कोणत्या ढिगातला, कितवा कागद उचलायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलं. सोयीचे कागद निवडल्याचा आरोप मग टिकत नाही.

त्या नमुन्यावरून पोलीस खात्यात हुकूम वरून खाली आणि अहवाल खालून वर कसे जात होते, याचं चित्र उभं राहिलं. हे एका खटल्यात थेट उपयोगी पडलं. १८ फेब्रुवारी १९८४ रोजी एदगार फर्नांदो गार्सिया हा विद्यार्थी आणि कामगार नेता बेपत्ता झाला होता. २०१० साली दोन माजी पोलिसांना या प्रकरणात ४० वर्षांची शिक्षा झाली. २०१३ साली माजी पोलीसप्रमुख एक्तोर बोल दे ला क्रूस यांनाही तेवढीच शिक्षा झाली. 'खालच्यांनी परस्पर केलं, वरच्यांना माहीतच नव्हतं' हा बचाव कागदांच्या प्रवासाने लंगडा करून टाकला.

भारतातही स्मशानाच्या वह्या बोलल्या

भारतातलं उदाहरण पंजाबचं आहे. दहशतवादाच्या काळात तिथे अनेक तरुण पोलिसांनी उचलल्यावर परत आले नाहीत. अमृतसरचे मानवाधिकार कार्यकर्ते जसवंत सिंग खालरा यांनी १९९५ च्या सुमारास स्मशानभूमीतल्या नोंदी तपासायला घेतल्या. पोलिसांनी 'बेवारस' म्हणून आणलेले मृतदेह आणि त्यांच्यासाठी लागलेलं सरण, हे सगळं कारकुनी पद्धतीने लिहून ठेवलेलं होतं.

६ सप्टेंबर १९९५ ला खालरा यांचं अपहरण झालं आणि नंतर त्यांची हत्या झाली. या प्रकरणी पतियाळाच्या न्यायालयाने २००५ साली पोलिसांना दोषी ठरवलं. दरम्यान सीबीआयच्या चौकशीत अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानांत असे २,०९७ दहनविधी झाल्याचं पुढे आलं. त्यातले १,२३८ मृतदेह त्या चौकशीत अनोळखीच राहिले.

पुढे २००९ मध्ये 'एनसाफ' ही संस्था आणि पॅट्रिक बॉल यांचा 'ह्युमन राइट्स डेटा अ‍ॅनालिसिस ग्रुप' यांनी पंजाबच्या वेगवेगळ्या नोंदी एकत्र तपासून प्राथमिक अहवाल काढला. बेपत्ता होणं आणि बेकायदा दहन हे तुरळक अपवाद नव्हते, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला पद्धतशीर रूप आलं होतं, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग आकडे म्हणजे अंतिम सत्य का?

नाही. आणि हे काम करणारेही तसा दावा करत नाहीत.

पेरूचंच बघा. २०१९ साली अर्थतज्ज्ञ सिल्व्हिओ रेंडॉन यांनी आयोगाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले. त्यांच्या हिशेबाने मृत सुमारे ४८ हजार होते आणि 'शायनिंग पाथ'पेक्षा सरकारी दलांचा वाटा मोठा होता. मूळ अभ्यास करणाऱ्यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. 'शायनिंग पाथ'च्या हत्यांबद्दलची माहिती मुळातच विरळ होती, त्यामुळे वादाला जागा राहिली. पण टीका करणाऱ्या अभ्यासाचा आकडाही नावांच्या यादीच्या दुप्पट आहे, हे विसरून चालत नाही.

शिवाय अंदाज एकूण संख्या सांगतो, नाव सांगत नाही. कोणाचा मुलगा कुठे पुरला आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी साक्षी, उत्खनन आणि डीएनए चाचण्याच लागतात. आणि संगणक कितीही वेगवान असला तरी मुळात याद्याच नसतील तर तो काही करू शकत नाही. भीती असतानाही कोणीतरी वहीत नाव लिहून ठेवलेलं असावं लागतं.

म्हणूनच कुठल्याही संघर्षातल्या मृतांचा आकडा मोबाईलवर आला की काही प्रश्न विचारण्यासारखे असतात. ही प्रत्यक्ष मोजलेली नावं आहेत की अंदाज? अंदाज असेल तर किमान आणि कमाल आकडा दिला आहे का? यादी केली कोणी, आणि कोण त्यांच्यापर्यंत पोहोचूच शकलं नसतं? 'आमच्याकडे नोंद नाही' आणि 'असं घडलंच नाही' या दोन वाक्यांमधलं अंतर यातूनच कळतं.

खटल्याचं पुढे काय झालं?

१० मे २०१३ रोजी कोर्टाने रिओस मोंट यांना वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी ८० वर्षांची शिक्षा सुनावली. पण दहाच दिवसांनी घटनात्मक न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटींच्या कारणावरून निकाल रद्द केला. फेरखटला रेंगाळला आणि १ एप्रिल २०१८ ला, तो चालू असतानाच, रिओस मोंट यांचा मृत्यू झाला.

त्यांचे गुप्तचर प्रमुख होसे मॉरिसिओ रॉड्रिगेझ सांचेझ यांच्यावरचा खटला मात्र पुढे चालला. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली. ग्वाटेमालाच्या लष्कराने ईशिल लोकांचा वंशसंहार केला होता.